फोन कपाटात, डाव चालू : एका प्रशिक्षणार्थीचे प्रकरण

हे प्रकरण लष्करी प्रशिक्षण केंद्रांत काम करणाऱ्यांच्या अभ्यासासाठी रचलेले आहे. अशा प्रकरणांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक मुलगा उभा केला आहे. तो कुठल्याही एका केंद्रातला नाही. पदांची नावे, कायदे आणि शिस्तीची कलमे देशागणिक बदलतात, म्हणून ती मुद्दाम मोघम ठेवली आहेत. पैशांचे आकडेही पगाराच्या पटीत दिले आहेत.

मुलगा

वय १९. भरती होऊन पाचवा महिना. मैदानावर चपळ, नकाशावाचनात तुकडीतल्या पहिल्या तिघांत, बोलायला मोजका. घरी आई आणि नोकरी करणारी थोरली बहीण. शाळेत असताना मित्रांबरोबर सामन्यांवर किरकोळ पैजा लावायचा. त्याला तेव्हा कोणी जुगार म्हटले नव्हते, त्यानेही नाही.

केंद्रात आल्यावर दोन गोष्टी एकदम घडल्या. आयुष्यातला पहिला पगार हातात आला, आणि तो खर्च करायला जागाच उरली नाही. राहणे, खाणे, कपडे सगळे केंद्राकडून. वेळेचेही तसेच. आठवडाभर पहाटेपासून दिवे विझेपर्यंत प्रत्येक मिनिट दुसऱ्याने आखलेले, आणि शनिवारी दुपारी फोन हातात पडला की रविवार रात्रीपर्यंत पूर्ण मोकळीक. सट्ट्याची अ‍ॅप अशाच वेळेसाठी बनवलेली असतात. सामना चालू असताना पुढच्या काही मिनिटांत काय होईल यावर पैसे लावा, निकाल लगेच, पुढचा डाव त्याहून लगेच. आठवडाभर तापलेल्या डोक्याला हे कसे वाटते ते समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

पहिल्याच महिन्यात तो जिंकला. रक्कम अर्ध्या पगाराएवढी होती. अशा बहुतेक कहाण्यांत सुरुवातीला एक मोठी जीत सापडते. पुढे हरताना माणूस तीच आठवत राहतो.

आदर्श प्रशिक्षणार्थी

तिसऱ्या महिन्यापासून तो रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या मागून घेऊ लागला. ज्याला झोप हवी आहे त्याची पाळी हा करायचा. कधी फुकट, कधी थोडे पैसे घेऊन. प्रशिक्षकांच्या वहीत त्याच्या नावापुढे 'स्वतःहून पुढे येतो' असा शेरा पडला. तुकडीचा सामाईक निधी सांभाळायचे कामही त्यामुळेच त्याच्याकडे आले.

पाळी संपल्यावर पहारा-खोलीत पुढच्या फेरीपर्यंत विश्रांतीची वेळ असते. ती त्याला हवी होती, कारण त्याचा फोन जमा नव्हताच. दर रविवारी तो कपाटात ठेवत होता तो काच तडकलेला, मेलेला जुना फोन. खरा फोन पाठपिशवीच्या तळातल्या पुठ्ठ्याखाली.

हे पकडले गस्तीने नाही, भांडारातल्या कारकुनाने. शनिवारी कपाट उघडले की सगळे फोन एकापाठोपाठ किणकिणायला लागायचे, चार्जिंगसाठी मुले रांग लावायची. एका खणातला फोन मात्र कधी वाजला नाही आणि त्याच्या मालकाने कधी चार्जर मागितला नाही. कारकुनाने सहज म्हणून बटण दाबून पाहिले.

पुढे झाले ते नियमाला धरून आणि पूर्णपणे मुद्दा सोडून. नियमभंगाची नोंद, दोन आठवडे जादा कवायत, एक सुट्टी रद्द, खरा फोन सीलबंद. फोन लपवला म्हणून शिक्षा झाली. फोनवर काय चालले होते, हे कोणी विचारले नाही. सुनावणीची टिपणे पाहिली तर त्यात 'का' हा प्रश्नच नाही. मुलाच्या दृष्टीने तर बरेच झाले. गुपित तसेच राहिले आणि प्रायश्चित्तही घेऊन झाले.

अ‍ॅप बंद पडले तरी कर्ज बंद पडत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या दोन अ‍ॅपांचे हप्ते चुकले, आणि वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या नावांना संदेश पाठवायला सुरुवात केली. पहिला संदेश बहिणीला गेला. ते थांबवण्यासाठी त्याने तुकडीतल्या मुलांकडून हातउसने घेतले. पुरले नाहीत, तेव्हा सामाईक निधीला हात लावला.

"किती आहे?"

निधीचा हिशेब सोमवारी द्यायचा होता. रविवारी संध्याकाळी तो तुकडीच्या प्रशिक्षकाकडे गेला. हा प्रशिक्षक मुलांशी कडक म्हणून प्रसिद्ध. तो बूट पुसत बसला होता आणि त्याने हात थांबवला नाही, हे मुलाने नंतर समुपदेशकाला दोनदा सांगितले. समोरचा माणूस चमकला नाही म्हणून पुढचे बोलता आले.

"सर, निधीत पैसे कमी आहेत. मी घेतलेत."

"कशाला?"

"सामन्यांवर लावले. म्हणजे आधीचे बुडाले होते ते फेडायला."

"एकूण किती आहे? निधीचं नाही विचारत. सगळं मिळून."

मुलाने दोन पगारांएवढा आकडा सांगितला.

"बरं. हे माझ्यापाशीच राहील असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. पण कुठं जाईल आणि कुणाकडं जाईल ते तुला आधी सांगेन. आज रात्री आपण दोघं डॉक्टरकडं जाऊ. शिस्तीचं काय व्हायचं ते उद्या."

या संवादात तीन गोष्टी बरोबर झाल्या आणि त्या योगायोगाने झाल्या नाहीत. या प्रशिक्षकाने आधीच्या नेमणुकीत असेच एक प्रकरण पाहिले होते. त्याने गुप्ततेचे खोटे वचन दिले नाही. क्रम ठरवला, आधी वैद्यकीय मग शिस्त. आणि आकड्यावर विश्वासही ठेवला नाही, वादही घातला नाही. पहिला आकडा पूर्ण नसतो, हे जुगाराच्या प्रकरणांत जवळजवळ गृहीत धरायचे असते. वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर तो साडेतीन पगार झाला. चार दिवसांनी बहिणीशी बोलून कागदावर मांडला तेव्हा सात. यात लबाडी कमी आणि लाज जास्त. शिवाय तीन ठिकाणची उधारी त्याने स्वतःही कधी एकत्र मोजली नव्हती.

वैद्यकीय अधिकाऱ्याची खोली

दारूचा वास येतो, इंजेक्शनच्या खुणा दिसतात. जुगाराचे शरीरावर काही दिसत नाही, म्हणून विचारावेच लागते. १९९७ पासून वापरात असलेली दोन प्रश्नांची चाचणी इथे पुरेशी सुरुवात करून देते. दिवसेंदिवस जास्त पैसे लावावेसे वाटले का? किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? दोन्हींना 'हो'. मग जुगाराची समस्या किती तीव्र आहे ते मोजणारी, नऊ प्रश्नांची पीजीएसआय ही प्रश्नावली. ती २००१ मध्ये कॅनडात तयार झाली. २७ पैकी ८ किंवा अधिक गुण म्हणजे समस्या गंभीर. मुलाचे १८.

निदानाच्या निकषांमागे एक इतिहास आहे, तो शिस्त बघणाऱ्यांनी जाणून घ्यावा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत जुगार पूर्वी आगी लावणे, वस्तू उचलणे अशा आवेगांच्या विकारांबरोबर होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात गेला. पदार्थाविना जडणारे पहिलेच व्यसन म्हणून. त्याच वेळी दहा निकषांपैकी एक गाळला गेला. जुगारासाठी चोरी, अफरातफर असे बेकायदा कृत्य करणे, हा तो निकष. उरलेल्या नऊपैकी चार १२ महिन्यांत दिसले तर निदान होते. थोडक्यात, निधीला हात लावणे हे आजार ठरवायला लागत नाही, आणि आजार ठरला म्हणून ते माफही होत नाही. दोन फायली वेगळ्या ठेवण्याचा आधार इथे आहे.

यानंतर अधिकाऱ्याने तो प्रश्न विचारला जो विचारायला अनेक जण कचरतात. "जीव द्यावा असं मनात येतं का?"

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी हिशेब केला होता. मी नसलो तर विम्यात सगळं फिटतं."

लष्करी प्रशिक्षणात या उत्तराचे वजन वेगळे आहे. जुगाराच्या विकारात आत्महत्येचा धोका मोठा असतो, कर्ज उघडकीला येण्याच्या आसपास तो विशेष जपावा लागतो, आणि इथे मुलाचा रोजचा संबंध शस्त्राशी. अधिकाऱ्याने त्याच रात्री त्याला शस्त्र आणि पहारा यांतून काढले. रात्रभर सोबत माणूस ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. कसे काढले हे महत्त्वाचे. चिठ्ठीवर फक्त 'वैद्यकीय कारणास्तव मैदानी सरावातून सूट' एवढेच. घोटा मुरगळलेल्या मुलाला मिळते तीच छापील चिठ्ठी. गोळीबाराच्या दिवशी तो संदेशाच्या टेबलावर बसला, तिथे आधीच एक लंगडणारा बसलेला होता. बराकीत कुजबुज झाली नाही.

तुकडीची माया

आता या प्रकरणातली सर्वांत अवघड गाठ. तुकडीतल्या अकरा मुलांनी त्याला पैसे दिले होते. कोणी थोडे, कोणी बरेच. त्यातल्या चौघांना तो सट्टा खेळतो हे माहीत होते. कोणीही वर सांगितले नाही, आणि बातमी फुटल्यावर त्याच अकरांनी ठरवले की सगळ्यांनी वर्गणी काढून त्याचे कर्ज फेडून टाकायचे.

त्यांना दोष देणे सोपे आहे. पण प्रशिक्षणाने त्यांना पहिल्या दिवसापासून हेच शिकवले आहे. सोबत्याला मागे टाकायचे नाही, त्याच्यावर चुगली करायची नाही, दुखले तरी कण्हायचे नाही, हरत असलो तरी शेवटपर्यंत सोडायचे नाही. चांगला सैनिक घडवणारे हे चारही गुण जुगारात एकेक करून उलटतात. हरलेले काढायला पुन्हा डाव लावणाऱ्याला वाटते आपण चिकाटी दाखवतोय. उसने देणाऱ्याला वाटते आपण साथ देतोय. माझ्या मते ही गोष्ट प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात, अगदी याच शब्दांत मुलांना सांगितली पाहिजे. 'जुगार वाईट' अशी भित्तिपत्रके लावून काही हलत नाही. जुगार वाईट हे सगळ्यांना माहीतच असते. मित्राला उसने दिलेले पैसे त्याला बुडवू शकतात, हे माहीत नसते.

वर्गणीला समुपदेशकाने नकार दिला. त्यावर बरीच चर्चा झाली. कंपनीच्या प्रमुखांचे म्हणणे, कर्ज मिटले की ताण मिटेल आणि धोकाही. म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, वसुलीवाल्यांचा जाच खरोखर थांबायला हवा होता. पण दुसऱ्यांनी येऊन आर्थिक सुटका करणे हा त्या नऊ निकषांतलाच एक आहे. कर्ज एका फटक्यात गेले की हात पुन्हा मोकळा होतो. शिवाय त्यापुढे त्या अकरांच्या नजरेखाली राहायचे. शेवटी मधला मार्ग निघाला. वसुली करणाऱ्या दोन कर्जांचे हप्ते केंद्राच्या कल्याण विभागाने बोलणी करून बांधून घेतले. अकरा जणांची उधारी एका कागदावर आली, प्रत्येकाची रक्कम आणि महिन्याचा हप्ता लिहून. निधीतली तूट सर्वांत आधी, मुलाच्याच पगारातून. आणि त्या अकरांना स्वतंत्र बसवून सांगितले गेले की यापुढे त्याला रोख किंवा फोन द्यायचा नाही, मागितला तर नाही म्हणून त्याच्याबरोबर चहाला जायचे.

उपचार म्हणजे नेमके काय

जुगाराच्या विकारावर खास मान्यताप्राप्त औषध नाही. नाल्ट्रेक्झोनसारखी औषधे काही रुग्णांत वापरतात. इथे त्यांची गरज वाटली नाही. मुख्य भर बोधात्मक वर्तनोपचारावर, म्हणजे बोलण्यातून चुकीचे विचार आणि सवयी ओळखून बदलण्यावर, आठवड्याला एक बैठक.

तिसऱ्या बैठकीत समुपदेशकाने त्याला अ‍ॅपमधून सगळा व्यवहार उतरवून आणायला लावला. छापल्यावर चांगली चळत झाली. मुलाची ठाम समजूत होती की तो 'थोडासाच मागे' आहे आणि त्याला सामन्याचा अंदाज येतो. त्याने स्वतःच्या हाताने भरलेल्या रकमा एका रंगात आणि काढलेल्या रकमा दुसऱ्या रंगात रंगवल्या. नकाशा वाचणारा मुलगा, त्यामुळे रंगांची भाषा त्याला लगेच कळली. दुसरा रंग पहिल्या काही पानांनंतर जवळजवळ नव्हताच. आणि मधे मधे 'अगदी थोडक्यात हुकलेले' डाव, ज्यांच्यानंतर लगेच मोठी रक्कम भरलेली. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले होते की थोडक्यात हुकलेला डाव हा मेंदूत जिंकण्याशी निगडित भागांनाच जागवतो आणि पुढे खेळत राहायची इच्छा वाढवतो. मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे नेमबाजीत कडेला लागलं की पुढची गोळी मारावीशी वाटते तसंच." फरक एवढाच की नेमबाजीत सरावाने नेम सुधारतो.

बाकी योजना पैसा, फोन आणि वेळ यांची. पगार त्याच्या लेखी संमतीने बहिणीबरोबरच्या संयुक्त खात्यात, त्यातून ठरावीक हातखर्च. बँकेने जुगाराचे व्यवहार अडवण्याची सोय दिली होती, ती चालू केली. सट्ट्याच्या कंपन्यांत स्वतःवर बंदी नोंदवली. कर्जाची अ‍ॅप समुपदेशकासमोर काढून टाकली. बंदीला पळवाटा असतात, हे सगळ्यांना माहीत होते. पण मोह आणि डाव यांच्यात जितकी मिनिटे घालता येतील तितकी कामाची असतात.

वेळेचा प्रश्न प्रशिक्षकानेच सोडवला. शनिवारी फोन हातात आल्यापासूनचे दोन तास सगळ्यात धोक्याचे. म्हणून त्याने मुलाला दौडीच्या संघात घेतले, आणि संघाचा सराव नेमका त्याच वेळी ठेवला.

घसरण

उपचाराच्या दुसऱ्या महिन्यात तो एकदा खेळला. दुसऱ्या तुकडीतल्या मुलाच्या फोनवरून, त्याच्या खात्यातून, छोटी रक्कम. आणि जिंकला.

हरला असता तर बरे, असे समुपदेशक नंतर म्हणाले, आणि ते खरे आहे. मुलाने त्याच रात्री प्रशिक्षकाला सांगितले, पण सांगताना विचारले, "हे पैसे हप्त्याला लावले तर चालतील ना?" प्रश्न साधा वाटतो. हो म्हटले की जुगार हा कर्ज फेडायचा मार्ग म्हणून पुन्हा मान्य झाला. पैसे ज्याच्या खात्यात होते त्याच्याकडेच राहिले, हप्ता नेहमीप्रमाणे पगारातून गेला. शस्त्राचे काम नुकतेच पुन्हा सुरू झाले होते. ते थांबवायचे का, यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने नव्याने विचारपूस केली आणि थांबवले नाही. मुलगा स्वतःहून सांगायला आला, झोप नीट होती, मरणाचे विचार नव्हते. घसरण लपवली नाही म्हणून शिक्षा नाही, हे कंपनीच्या प्रमुखांनी लेखी दिले. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातला सर्वांत धाडसी कागद तोच.

केंद्राने काय बदलले

फार नाही. सहा महिन्यांनी होणाऱ्या आरोग्य तपासणीत जुगाराच्या चाचणीचे ते दोन प्रश्न घातले. हे नवे नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ मध्ये तिथल्या सैन्याबद्दल अहवाल दिला. जुगाराच्या विकाराचे निदान झालेल्यांचे प्रमाण ०.०३ टक्क्यांहूनही कमी निघाले होते, पण नियमित तपासणीत कोणी विचारतच नव्हते. त्यामुळे त्या आकड्यावरून प्रश्न छोटा आहे असे म्हणणे शक्य नव्हते. २०१८ च्या संरक्षणविषयक कायद्याने वार्षिक तपासणीत हे प्रश्न घालायला सांगितले.

दुसरा बदल, पहाऱ्याच्या पाळ्या आपसांत बदलल्या तर नोंद. तिसरा, सामाईक निधी एकट्याकडे नाही. फोनबंदी आणखी कडक करायची सूचना आली होती, ती सुदैवाने बारगळली. बंदीने खेळ थांबला नव्हता, तो रात्रीत गेला होता.

शिस्तीची फाईल

निधीच्या प्रकरणाची रीतसर सुनावणी झाली. आदल्या दिवशी स्वतःहून कबुली, पूर्ण भरपाई आणि चालू उपचार हे लक्षात घेऊन सेवेतून काढले नाही. एक सत्र मागे टाकले. या निर्णयावर मतभेद आहेत आणि ते राहतील. मागे टाकल्याने उपचाराला वेळ मिळाला, पण तुकडी तुटली. ज्या अकरांना त्याच्यावर कशी नजर ठेवायची ते आत्ता कुठे कळले होते, ते पुढे निघून गेले. नव्या तुकडीत कोणाला सांगायचे हे त्याच्यावर सोडले. त्याने एकालाच सांगितले.

सत्र संपले तेव्हा पीजीएसआय ५ होते. सातपैकी साधारण साडेचार पगारांचे कर्ज बाकी. त्याची निवड आधी संदेशवहन शाखेसाठी झाली होती. तिथे गोपनीयतेची पडताळणी लागते आणि पडताळणीत कर्ज विचारले जाते, कारण कर्जात अडकलेल्या माणसावर दबाव आणणे सोपे असते. ती निवड स्थगित आहे. पुढच्या पलटणीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जाणारे पत्र मुलाला आधी दाखवले. त्याने 'कुटुंबाचा पाठिंबा उत्तम' ही ओळ खोडायला सांगितली. आई अजून त्याच्याशी बोलत नव्हती. त्याजागी 'बहीण खाते सांभाळते, तिचा संपर्क सोबत' असे लिहून पत्र गेले. पहिल्या भेटीची तारीखही त्याच पत्रात घातली, रुजू होण्याच्या दुसऱ्या दिवसाची.